मसाला पाऊचच्या सीलसाठी थर्मल कॅमेरा घ्यावा का?

ताई, प्रश्न नीट वाचला. वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यात तुमच्या बचत गटाचं हळद-मिरची पावडरचं युनिट आहे, मशिनरी पीएमएफएमई या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीच्या सरकारी योजनेतून घेतलेली, २०० ग्रॅमचे पाऊच निघतात, आणि हिंगणघाट-नागपूरचे दुकानदार म्हणून राहिले की काही पाऊच वरच्या सीलला उघडतात अन् रॅकवर पावडर सांडते. त्यात एक कॅमेरावाला येऊन सांगून गेला की एकच थर्मल कॅमेरा लावा, तो सील तपासेल, हळदीतले खडे पकडेल आणि पल्व्हरायझरचं, म्हणजे दळायच्या मशीनचं तापमान पण पाहील, सगळं ऑटोमॅटिक. घ्यायचा का, असं तुम्ही विचारलं आहे.

माझं काम पॅकिंग लाइनच्या ऑटोमेशनचंच आहे, मसाला, डाळ, तेल, सगळीकडे अशा मशिनी पाहतो. थर्मल कॅमेरे लावलेही आहेत आणि काही ठिकाणी लावू नका म्हणून सांगितलंही आहे. सरळ सांगतो, तिन्हीपैकी सीलचं काम तो खरंच चांगलं करतो, तापमानाचं काम होते पण त्याला कॅमेरा लागत नाही, आणि खड्याचं काम तो तुमच्या लाइनवर करणार नाही.

कारण एकच आहे आणि तेवढं डोक्यात बसलं की कोणी काही विकायला आलं तरी तुम्हीच त्याला प्रश्न विचारू शकता. थर्मल कॅमेरा फक्त वरच्या पृष्ठभागातून निघणारी उष्णता पाहतो, साधारण ८ ते १४ मायक्रॉनची किरणं, जी आपल्या डोळ्याला दिसत नाहीत. आतलं काही त्याला दिसत नाही, हा एक्स-रे नाही. म्हणून जिथे तुमची प्रोसेस स्वतःच उष्णता टाकते आणि ती उष्णता नीट बसली की नाही एवढंच पाहायचं असते, तिथे त्याच्यासारखं दुसरं साधन नाही. सीलमध्ये तेच होते, गरम जॉ, म्हणजे मशीनचा सील करणारा जबडा, पाऊचला दाबते, सील नुकतं झालेलं असते, पुढचे एक-दोन सेकंद ती पट्टी गरम असते. त्या एक-दोन सेकंदांत पाहिलं तर सगळी कहाणी कळते, पाच-सहा सेकंद गेले की एवढी पातळ फिल्म गार होऊन जाते आणि मग कॅमेऱ्याला सांगायला काही उरत नाही.

खड्याचं आधी संपवून टाकतो. हळकुंड आणि खडा एकाच गोदामातून आलेले, दोघांचं तापमान सारखं, तर कॅमेऱ्याला फरक कुठून दिसणार? परदेशात सुकामेव्यात असे प्रयोग झाले आहेत, आधी माल तापवायचा मग गार होताना पाहायचं, दगड उष्णता जास्त धरतो म्हणून गार व्हायला मागे राहतो. पण त्याला माल एका थरात पसरून न्यावा लागते, वेगळा हीटर लागते, आणि एवढं करण्यापेक्षा डिस्टोनर (खडे वेगळे करणारी मशीन), मॅग्नेट आणि पॅकिंगआधी मेटल डिटेक्टर, हे जास्त भरवशाचं आणि स्वस्त. तुमच्याकडे डिस्टोनर नसेल तर कॅमेऱ्याचा विचार बाजूला ठेवून आधी तो घ्या, आपल्या भागातली प्रसिद्ध वायगाव हळद म्हणून नाव लावून विकता तर त्यात खडा निघणं बरोबर नाही.

पल्व्हरायझरचं पण थोडक्यात. दळताना पावडर तापते, जास्त तापली की मिरचीचा रंग आणि हळदीचं सुगंधी तेल दोन्ही जाते, हे तुम्हाला माहीतच आहे. आउटलेटला एक साधा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) किंवा एका बिंदूवर पाहणारा इन्फ्रारेड सेन्सर लावला आणि त्याच्या सिग्नलवर फीडरचा स्पीड कमी-जास्त केला की काम झालं. तिथे धूळच एवढी उडते की कॅमेऱ्याची लेन्स तासाभरात झाकून जाईल.

आता सील, खरा मुद्दा हाच आहे.

तुमची मशीन फोटोवरून कॉलर टाइप दिसते, म्हणजे सपाट फिल्मची नळी करून पाऊच बनवणारी, ऑगर फिलरवाली, म्हणजे फिरत्या स्क्रूने पावडर भरणारी, फिल्म खाली ओढली जाते, जॉ बंद होतो, एकाच दाबात खालच्या पाऊचचं वरचं सील आणि वरच्या पाऊचचं खालचं सील होते, मधून कटर. पावडर दळलेली, हलकी. ऑगर थांबल्यावर पण चिमूटभर पावडर मागून पडत राहते, ती नेमकी जॉ बंद होताना फिल्मच्या मधे येते. फिल्मवर स्टॅटिक, म्हणजे घासून आलेला विजेचा भार असते, तिला पावडर चिकटते. म्हणजे सीलच्या दोन थरांमधे पावडरचा थर. वरून बोटाने ओढून पाहिलं तर सील झाल्यासारखं वाटते, दुकानात चार पाऊच एकमेकांवर ठेवले की हवा दाबली जाते आणि ते तिथून उघडते. वरच्याच सीलला उघडून राहिलं असं तुम्ही लिहिलं, त्याचं कारण बहुतेक हेच.

कॅमेऱ्यात हे कसं दिसते ते सांगतो. चांगलं सील म्हणजे पाऊचच्या टोकाला एक सलग उजळ पट्टी, या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखी. पावडर अडकली असेल तिथे त्या पट्टीत एक डाग दिसतो, कडा पसरट. गंमत अशी की तो डाग कधी गार दिसतो कधी गरम, कारण पावडरमुळे तिथे जाडी जास्त आहे, तापायला वेळ लागतो आणि गार व्हायलाही. म्हणून जॉ उघडल्यावर किती वेळाने पाहिलं हे प्रत्येक पाऊचला सारखं असलं पाहिजे, नाहीतर सॉफ्टवेअर गोंधळते. फिल्मला घडी पडली असेल तर तिरपी गडद रेघ येते. आणि पट्टीचं एक टोक रोज थोडं थोडं गार होत चाललं असेल तर जॉमधला कार्ट्रिज हीटर (आत बसवलेली तापणारी कांडी) त्या बाजूने जाऊन राहिला आहे किंवा जॉवरचं, फिल्म चिकटू न देणारं टेफ्लॉन कापड तिथे झिजलं आहे. हे शेवटचं मला सगळ्यात कामाचं वाटते. खराब पाऊच बाहेर फेकणं ठीकच आहे, पण खराब व्हायच्या आधी दोन दिवस कळणं याची किंमत वेगळी आहे, म्हणून विकणाऱ्याला रिजेक्टसोबत ट्रेंड आणि अलार्म मागा.

आपल्या भागात याला अजून एक कारण आहे, व्होल्टेज. हीटरची पॉवर व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने बदलते, २३० च्या जागी १८० व्होल्ट आले तर हीटर फक्त ६१ टक्के पॉवर देतो. टेम्परेचर कंट्रोलर बिचारा पूर्ण वेळ हीटर चालू ठेवतो तरी स्पीडवर जॉ मागे पडतो, आणि कंट्रोलरचा आकडा तर जॉच्या आत थर्मोकपल जिथे बसवला तिथलाच, फिल्मला लागणाऱ्या पृष्ठभागाचा नाही. कॅमेरा हे पकडतो कारण तो सीलच पाहतो. पण कॅमेऱ्याच्या आधी व्होल्टेज सारखं ठेवणारा सर्व्हो स्टॅबिलायझर घ्या, तो नसेल तर कॅमेरा दिवसभर पाऊच फेकत बसेल आणि गटातल्या बायका म्हणतील की हा बंद करा.

बसवताना काय काय पाहा लागते ते आता सांगतो, कारण कॅमेरा कोणत्या कंपनीचा यापेक्षा तो कसा बसवला यावर सगळं आहे.

पहिलं, तुमची फिल्म मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा चकचकीत थर असलेली आहे का? चकचकीत वस्तू स्वतःची उष्णता कमी सोडते आणि समोरच्याची परावर्तित करते, याला एमिसिव्हिटी कमी असणं म्हणतात. पावडर, कागद, ओला माल, यांची ०.९ च्या वर असते, चकचकीत ॲल्युमिनियमची ०.१ च्याही खाली. मेटलाइज्ड पाऊचवर बाहेरून पीईटी प्लास्टिकचा थर आणि शाई असते म्हणून एकदम आरसा नसते, पण बरंच परावर्तन होते. मे महिन्यात दुपारी तुमच्या शेडचा टिनाचा पत्रा चांगला ६० च्या पुढे तापतो, त्याची उष्णता पाऊचवरून कॅमेऱ्यात जाते आणि गार सील पण गरम दिसते. म्हणजे खराब पाऊच पास. म्हणून कन्व्हेयरवर त्या जागी एक पेटी करा, आतून काळा मॅट पेंट, पाऊच एका बाजूने आत दुसऱ्या बाजूने बाहेर, कॅमेरा वरून पण सरळ नाही, १५-२० अंश तिरपा, नाहीतर त्याला स्वतःचंच प्रतिबिंब दिसते. ही पेटी गावातला वेल्डर करून देईल, आणि ती नसली तर लाखाचा कॅमेरा पण उपयोगाचा नाही.

दुसरं, लिमिट कधीच थेट तापमानावर लावू देऊ नका. विकणारे येतात, त्या दिवशी सील ५८ दिसलं तर ५० च्या खाली रिजेक्ट असं सेट करून जातात. आपल्याकडे डिसेंबरच्या सकाळी शेडमधे १०-१२ अंश असते आणि मे मधे ४५, एकच आकडा दोन्हीकडे कसा चालेल? सील आणि पाऊचच्या पोटाचा फरक घ्यायचा, आणि सीलच्या पट्टीतल्या पट्टीत डावी-मधली-उजवी बाजू यांचा फरक घ्यायचा. शिवाय गरम पट्टी सलग किती मिलिमीटर आहे ते मोजायचं. एवढ्या तीन नियमांनी बहुतेक काम निघते. एआय म्हणून जे वेगळे पैसे सांगतात त्याची तुम्हाला सध्या गरज नाही, त्याला तुमच्याच पाऊचचे चांगले-वाईट भरपूर फोटो लागतात आणि ते आज तुमच्याकडे नाहीत.

यातच एक गोष्ट येते, दळलेली पावडर गरमच पॅक करत असाल तर पोट गरम, सील गरम, फरकच कमी होते आणि कॅमेऱ्याला त्रास होते. आणि कॅमेरा राहू द्या, गरम पावडर पाऊचमधे भरली की आत घाम धरतो, गुठळ्या होतात, पावसाळ्यात बुरशी लागते. दळल्यावर पसरून गार होऊ द्या, चाळा, मग पॅकिंगला घ्या.

रिझोल्यूशनचं तुम्ही विचारलं होतं. पाऊचची रुंदी १३० मिमी धरली आणि कॅमेऱ्याला १६० मिमी दिसेल असा बसवला, तर १६० बाय १२० च्या कॅमेऱ्यात एक पिक्सेल १ मिमीचा, ३२० बाय २४० मधे अर्ध्या मिमीचा. तापमानावर भरवसा ठेवायला कमीत कमी ३ पिक्सेल त्या डागावर पडले पाहिजेत, म्हणजे छोटा कॅमेरा ३ मिमीचा दोष पकडेल, मोठा दीड मिमीचा. पावडरचा डाग सहसा ४-५ मिमीच्या वर असतो म्हणून तुम्हाला छोटा पण चालून जाईल असं वाटते, पण केसासारखी बारीक गळती यातला कोणताच पकडणार नाही, हे आधीच समजून घ्या. विकणारा म्हणाला की सगळ्या लीक पकडतो, तर तो खोटं बोलून राहिला.

स्पीडचा हिशोब पण करा. बरेच स्वस्त कॅमेरे सेकंदाला ९ फ्रेमच देतात, कारण त्यापेक्षा जास्त फ्रेमवाल्यांना निर्यातीची बंधनं येतात. कन्व्हेयर मिनिटाला १५ मीटर चालत असेल तर दोन फ्रेमच्या मधे पाऊच २८ मिमी पुढे निघून जाते. वरून या कॅमेऱ्यांचा सेन्सर, ज्याला मायक्रोबोलोमीटर म्हणतात, त्याला तापायलाच १० मिलिसेकंदांच्या आसपास लागतात, त्यामुळे चालतं चित्र पसरट येते आणि बारीक डाग पुसून जातो. उपाय सोपा आहे, पाऊच त्या पेटीत क्षणभर थांबवा किंवा तेवढा कन्व्हेयर हळू करा, मिनिटाला ४० पाऊच म्हणजे एका पाऊचला दीड सेकंद भेटते, भरपूर आहे. पाऊच आडवंतिडवं पडून येते म्हणून आधी एक हलका रोलर किंवा गाइड लावून ते सपाट आणि सरळ करा. पाऊच आलं की फोटोसेन्सरने ट्रिगर, मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला (पीएलसी) सिग्नल, आणि हवेच्या झोताने रिजेक्ट.

रिजेक्टमधे एक अट ठेवा, कॅमेऱ्याकडून पास असा सिग्नल आला तरच पाऊच पुढे जाईल, नाही आला तर आपोआप बाहेर. बरेच जण उलटं करतात, खराब सिग्नल आला तर बाहेर, मग वायर तुटली की सगळेच पाऊच पास होत राहतात आणि कोणाला पत्ता नाही. रिजेक्टचा डबा कुलपाचा करा, तो रोज उघडून कोणत्या कारणाने किती पडले हे रजिस्टरला लिहा.

लेन्सबद्दल. साध्या काचेतून ही किरणं जात नाहीत, ॲक्रिलिकमधून पण नाही. मी एका ठिकाणी पाहिलं की धूळ बसू नये म्हणून कॅमेऱ्यापुढे काच बसवून दिली होती आणि स्क्रीनवर सगळे पाऊच एकसारखे चांगले, कारण कॅमेरा काचेचंच तापमान दाखवत होता. थर्मल कॅमेऱ्याची लेन्स सहसा जर्मेनियमची असते, महाग, वर कोटिंग असते, मिरचीची धूळ दुपट्ट्याने किंवा गमछ्याने पुसली की ओरखडे पडतात. पुढे पातळ पॉलिथिनची फिल्म ताणून लावा, खराब झाली की बदला, फक्त फिल्म लावूनच कॅलिब्रेशन करा. तसंही खाण्याच्या मालावर काच टांगणं चांगलं नाही, फुटली तर पूर्ण बॅच जाते. सोबत कोरड्या स्वच्छ हवेची बारीक फुंकर लेन्सपुढे सुरू ठेवा, कंप्रेसरच्या लाइनला तेल-पाण्याचा फिल्टर असला पाहिजे. तीच हवा जॅकेटमधून फिरवली तर उन्हाळ्यात कॅमेरा गार राहतो, बहुतेक कॅमेरे ५० अंशांपर्यंतच चालतात आणि टिनाच्या शेडमधे मशीनच्या बाजूला एप्रिल-मे मधे आपण त्याच्या जवळच असतो.

लाइट गेली तर? कॅमेरा आणि कंट्रोलरला छोटा यूपीएस द्याच, कारण हे कॅमेरे बंद होऊन सुरू झाले की वीस-तीस मिनिटं रीडिंग हळूहळू सरकत राहते. आणि लाइट आल्यावर जॉ पूर्ण तापायच्या आधी निघालेले पाऊच, कॅमेरा काही म्हणो, वेगळे काढा.

एक अजून, कॅमेरा मधूनमधून टक असा आवाज करून क्षणभर थांबतो, आतलं शटर पडते आणि तो स्वतःला शून्यावर आणतो. त्या क्षणाला पाऊच समोर असलं तर ते तपासलंच जात नाही. हे शटर दोन पाऊचच्या मधे पडेल असं सेट होते का ते विचारा, चांगल्या फिक्स कॅमेऱ्यात होते.

इतकं सगळं असूनही कॅमेरा सीलची ताकद सांगत नाही, उष्णता बरोबर बसली एवढंच सांगतो. फिल्मचा लॉटच खराब असेल, आतला सीलिंग थर बरोबर नसेल, तर पट्टी सुंदर उजळ दिसेल आणि पाऊच उघडेल. म्हणून पाण्यातली व्हॅक्यूम टेस्ट सोडायची नाही, बंद भांड्यात पाऊच पाण्याखाली धरून व्हॅक्यूम द्यायचं, बुडबुडे आले की गळती. दर तासाला प्रत्येक मशीनचे चार-पाच पाऊच. ही टेस्ट तर तुम्ही उद्यापासून सुरू करू शकता.

आता घ्यायचा की नाही. तुमची एक मशीन, एक शिफ्ट. माझं मत, आज फिक्स कॅमेरा घेऊ नका. तो पेटी, पीएलसी, रिजेक्ट, सॉफ्टवेअर धरून लाखांत जाते, आणि तुमचा दोष पावडर सीलमधे पडण्याचा आहे, तो मुळातच थांबवता येते. ऑगरच्या तोंडाला पावडर अडवणारी जाळी किंवा शटर लावून घ्या, ऑगर थांबणं आणि जॉ बंद होणं यात थोडा वेळ वाढवा, फिल्मजवळ स्टॅटिक काढणारा बार आणि जॉच्या वर धुळीचं सक्शन, टेफ्लॉन कापड वेळेवर बदलणं, आणि स्टॅबिलायझर. यातच तक्रारी बऱ्याच खाली येतील.

त्यापेक्षा बऱ्याच कमी पैशात हातातला थर्मल कॅमेरा भेटते, तो गटाने घेतला तर मी खुश होईन. सकाळी मशीन लावताना जॉ दोन्ही टोकांना सारखा तापला का ते पाहा, चकचकीत धातूवर रीडिंग खोटं येते म्हणून जॉच्या बाजूला थोडा उष्णता सोसणारा काळा पेंट लावून तिथे पाहा. निघालेलं पाऊच लगेच पाहा. पल्व्हरायझरच्या बेअरिंग आणि पॅनलमधले कनेक्शन महिन्यातून एकदा पाहा, तिथे काळा इन्सुलेशन टेप चिकटवून त्यावर पाहिलं तरी चालते, पण पॅनलमधे टेप लावणं लाइट पूर्ण बंद करून इलेक्ट्रिशियननेच करावं. मिरचीच्या धुळीत गरम बेअरिंग म्हणजे आगीला आमंत्रण, हे एकच काम केलं तरी पैसे वसूल आहेत.

पुढे मशिनी तीन-चार झाल्या किंवा मोठा खरेदीदार प्रत्येक पाऊचच्या तपासणीचा रेकॉर्ड मागू लागला, की फिक्स कॅमेरा घ्या, तेव्हा तो खर्च बसते. त्या वेळी ऑर्डर द्यायच्या आधी विकणाऱ्याला त्याच्या ऑफिसातला डेमो नको म्हणा. तुमच्या शेडमधे, उन्हाळ्यात, भर दुपारी, तुमच्याच फिल्मवर डेमो मागा. त्या दिवशी चालू मशीनवर मुद्दाम खराब पाऊच करायला लावा, काहींच्या सीलमधे चिमूट पावडर, काहींना घडी, काही जॉ गार ठेवून केलेले, आणि त्यांना खालच्या बाजूला पेनाने खूण करा. आदल्या दिवशी करून ठेवलेलं, गार झालेलं पाऊच कॅमेऱ्याला देऊन उपयोग नाही. किती पकडले आणि किती चांगले उगाच फेकले, दोन्ही लिहून घ्या. सॉफ्टवेअरला दरवर्षी पैसे लागतात का, आणि बंद पडलं तर माणूस नागपूरहून येईल की पुण्याहून, हे पण ऑर्डरमधे लिहून घ्या.

फिल्मचा एक तुकडा, तिचं लॅमिनेट (कोणकोणते थर जोडलेले आहेत) काय आहे, आणि मशीन पाऊच ओढून थांबते की सतत चालते, एवढं कळवा. ऑगर आणि जॉच्या टायमिंगमधे किती फरक ठेवायचा ते मग नेमकं सांगतो.